तुम्ही विचारलंत म्हणून: गेम फुकट आहे तर मग पैसे कशाचे?

हा प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा आईवडीलच, की पोरगा म्हणतो गेम फुकट आहे, प्लेस्टोअरवर पण फुकटच दिसतो, मग हा दर थोड्या दिवसांनी पैसे कशाचे मागतो आणि द्यायचे की नाही. मी स्वतः भरपूर खेळते, गेमवर मनापासून प्रेम आहे, त्यामुळे उडवून लावण्यासारखं उत्तर द्यायचं नाहीये मला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी गेम म्हणजे सीडी होती. एकदा पैसे दिले की विषय संपला. मग ऑनलाइन गेम आले, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ चा, त्याला महिन्याची फी. २०११ मध्ये टीम फोर्ट्रेस २ सारखा चांगला विकला जाणारा गेम फुकट केला, कारण लोक त्यातल्या टोप्यांवर आणि बंदुकांवर आनंदाने खर्च करतात हे कंपनीला कळलं होतं. २०१३ ला डोटा २ या गेमने आपल्या स्पर्धेसाठी एक डिजिटल पुस्तिका विकली, विकत घ्या, खेळत राहा, लेव्हल वाढवा, बक्षिसं मिळवा. आज ज्याला बॅटल पास म्हणतात त्याची सुरुवात तिथली. २०१७ मध्ये फोर्टनाइट आला आणि मग सगळ्यांनाच असंच करायचं होतं. याला लाइव्ह सर्विस म्हणतात, म्हणजे गेम कधी पूर्ण होतच नाही, दर सीझनला नवा मॅप, नवे कपडे, नवे इव्हेंट, आणि दर सीझनला नवी विक्री.

आपल्याकडच्या पोरांचं बोलायचं तर बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा गोळीबाराचा गेम. त्यात रुपये दिसतच नाहीत, युसी दिसतं, म्हणजे गेममधलं चलन. जत्रेत पाळण्यासाठी आधी कुपनं घ्यावी लागतात तसं. युसी सुटं मिळत नाही, पॅक असतात, ६० चा, मग ३०० वर २५ बोनस, ६०० वर ६० बोनस, असे. जी वस्तू हवी तिची किंमत या आकड्यांशी नेमकी जुळेलच असं नाही, मग थोडं युसी उरतं आणि उरलंय म्हणून पुढचा टॉपअप होतो. त्यात क्रेट, म्हणजे बंद खोकं, ही अजून वेगळी गोष्ट, तिथे आपण वस्तू घेत नाही, ती निघण्याची शक्यता घेतो. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायची अशी खोकी जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं, आणि मला ते पटतं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते घड्याळ. रॉयल पास, म्हणजे बीजीएमआयचा बॅटल पास, घेतला की बक्षिसं लगेच हातात येत नाहीत, मिशन पूर्ण करत लेव्हल वाढवावी लागते, आणि सीझन संपला की राहिलं ते गेलं. म्हणजे पैसे आधीच देऊन झालेत आणि आता ते वसूल करायला रोज लॉगिन करायचंय. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरगं फोन सोडत नाही तेव्हा त्याला शिस्त नाही एवढंच म्हणून आपण मोकळे होतो, पण त्या स्क्रीनवर कोपऱ्यात "इतके दिवस बाकी" असं लिहिलेलं असतं ते कुणी बघत नाही. आणि हे असंच करावं लागतं असं अजिबात नाही, हेलडायव्हर्स २ या गेममधले वॉरबॉंड, म्हणजे तिथले बॅटल पास, एकदा घेतले की त्यांना मुदत नाही, आरामात दोन वर्षांनी पूर्ण करा. तोही लाइव्ह सर्विसच आहे, आणि २०२४ मध्ये जोरात चालला.

आता दुसरी बाजू पण सांगायलाच हवी. सर्व्हरला, म्हणजे ज्यावर गेम चालतो त्या कंपनीच्या कॉम्प्युटरना, रोज पैसे लागतात, चीटर पकडायला माणसं लागतात, नवे मॅप बनवणाऱ्यांना पगार लागतो. आणि गेम फुकट आहे म्हणूनच परभणीतलं पोरगं साध्या फोनवर, २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटावर, मुंबईतल्या पोराबरोबर एकाच स्क्वॉडमध्ये बसू शकतं. कन्सोल आणि हजारोंचे गेम घेणं त्याच्या घरी कधी जमलं नसतं. स्किन, म्हणजे गेममधल्या पात्राचे कपडे किंवा बंदुकीचं रूप, ही हौस आहे, हौसेला पैसे देण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

मग राहतो तो प्रश्न की घेतलेली वस्तू तुमची किती दिवस. पबजी मोबाइल हा बीजीएमआयचा आधीचा अवतार, त्यावर आपल्या सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली, ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद. २०२१ ला बीजीएमआय आला तेव्हा जुना डेटा हलवायची सोय दिली म्हणून लोकांच्या स्किन वाचल्या. २०२२ च्या जुलैत तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ ला परतला. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गाड्यांचा गेम तर फुकटचाही नव्हता, २०१४ चा, पूर्ण किंमत देऊन घेतलेला, एकट्याने गाडी चालवायची तरी सर्व्हर लागायचा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि गेम संपला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली, आणि युरोपात २०२५ मध्ये त्या मागणीवर १० लाखांवर सह्या झाल्या. मागणी एवढीच की सेवा बंद करा हवं तर, पण ज्याने विकत घेतलाय त्याला खेळता येईल अशा अवस्थेत गेम सोडून जा. हे जमतं. नॉकआउट सिटी हा गेम २०२३ मध्ये बंद करताना तो बनवणाऱ्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी पीसी आवृत्ती फुकट दिली. युबिसॉफ्टने पण नंतर द क्रू २ ला ऑफलाइन खेळायची सोय दिलीच. सोनीचा कॉनकॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, पण निदान सगळ्यांचे पैसे परत केले.

तर द्यायचे की नाही? मी आईवडिलांना सांगते की महिन्याची एक रक्कम ठरवा, पोराशी बोलून ठरवा, क्रेटला पूर्ण नाही म्हणा, आणि पास घ्यायचाच असेल तर परीक्षेच्या महिन्यातला सीझन सोडून द्या. कार्ड फोनमध्ये सेव्ह ठेवू नका, गिफ्ट कोडने टॉपअप करा म्हणजे आकडा दिसतो. आणि एकदा त्याच्या शेजारी बसून त्याला विचारा की ही स्किन कुठली, कधी मिळवली. तो अर्धा तास बोलेल बघा.