तेरावा फोटो कुठे बसवायचा? १८ मार्चची नाइट ड्युटी

पणजीत एका मराठी पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. डेस्कवरच्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा तुझा लक्षात राहिलेला दिवस कुठला, ते सगळं बातमीदारांच्या वाट्याला. पण विचारलंच तर १८ मार्च २०१९. तारीख खरं तर १९ म्हणायला पाहिजे कारण जे व्हायचं ते मध्यरात्र उलटून गेल्यावर झालं.

मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेले ते १७ ला, रविवारी संध्याकाळी. आजार सगळ्या गोव्याला माहीत होता, नाकात नळी घालून जानेवारीत बजेट मांडलेलं लोकांनी बघितलेलं, तरी ती रात्र कशी गेली ते विचारू नका, सगळी पानं उलटसुलट झाली. सोमवारी पणजीत गाडी घालायची सोय नव्हती. कला अकादमीत पार्थिव, बाहेर रांगच रांग, दुपारी मोदी येऊन गेले, संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार, तेही गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीजवळच. मुख्यमंत्रिपदावर असताना गेलेले हे दोघंच, १९७३ ला भाऊसाहेब आणि २०१९ ला पर्रीकर.

आणि हे सगळं चालू असताना दुसरीकडे हॉटेलात आमदारांच्या बैठका. लोक नावं ठेवत होते, चिता विझायच्या आधी खुर्चीचं काय चाललंय म्हणून. मला तेवढं काही वाटलं नाही. मुख्यमंत्री गेला की मंत्रिमंडळच उरत नाही, आणि समोर काँग्रेस १४ आमदार घेऊन राजभवनावर जाऊन बसलेली, भाजपकडे स्वतःचे १२ राहिलेले. गडकरी आदल्या रात्रीच गोव्यात उतरलेले ते काय उगाच नाही.

तर मी ऑफिसला पोचलो आणि आमचे वृत्तसंपादक म्हणाले, चौकट लाव, 'गोव्याचे आतापर्यंतचे मुख्यमंत्री', सगळ्यांचे फोटो पाहिजेत, शेवटची जागा मोकळी ठेव, नाव कळलं की टाकू. मला वाटलं तासाभराचं काम. डोंबल.

फोटो जमवायला बसलो. भाऊसाहेबांचा फोटो तर झोपेतही सापडेल. २० डिसेंबर १९६३ ला शपथ, तेव्हा राज्य नव्हतं, गोवा-दमण-दीव केंद्रशासित, विधानसभा ३० जणांची. गंमत म्हणजे ह्या पहिल्या निवडणुकीला भाऊसाहेब स्वतः उभेच नव्हते, त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, जिंकला, हे मुख्यमंत्री झाले आणि मग मडकईतून पोटनिवडणूक लढवून आत आले. त्यानंतर १९६७ चा जनमत कौल, महाराष्ट्रात जायचं की नाही. त्यासाठी त्यांनी आधी राजीनामा दिला, सरकार हातात ठेवून कौल घेतला असं कुणी म्हणू नये म्हणून. १६ जानेवारीला मतदान झालं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. म्हणजे ज्या मुद्द्यावर पक्ष काढला त्याच मुद्द्यावर हरले, आणि दोनेक महिन्यांत निवडणूक झाली तर लोकांनी पुन्हा ह्यांनाच मुख्यमंत्री केलं! आमच्या घरी आजोबा शेवटपर्यंत विलीनीकरणवाले, त्यांना हे कोडं कधी सुटलं नाही. मला वाटतं त्यात कोडं काही नाही, बहुजन समाजाला भाऊसाहेब हवे होते, शाळा हव्या होत्या, मुंबई हवीच होती असं नाही.

मग शशिकलाताई काकोडकर, वडील गेल्यावर १९७३ ला, १९७९ ला सरकार पडलं. मग खाशे प्रतापसिंह राणे, १९८० पासून १९९० पर्यंत. राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ ला तो त्यांच्याच काळात. इथपर्यंत २६ वर्षं आणि फक्त तीन फोटो, म्हणलं झालंच की.

आणि मग आलं १९९०.

ते दशक ज्याने डेस्कवर काढलं असेल त्याला माझा दंडवत. मार्च ९० मध्ये काँग्रेसचे सात जण फुटले, राणे पडले, चर्चिल आलेमांव मुख्यमंत्री, अठरा दिवस. मग डॉ. लुईस प्रोत बार्बोझा, ते सभापती होते, तिथून थेट मुख्यमंत्री. डिसेंबरात त्यांचं सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट. ९१ ला रवी नाईक. ९३ ला डॉ. विल्फ्रेड डिसोझा. एप्रिल ९४ मध्ये राज्यपाल भानुप्रताप सिंह, चुकलं, भानुप्रकाश सिंह, त्यांनी डिसोझांना काढून पुन्हा रवी नाईकांना बसवलं, ते सहा दिवस, मग राज्यपालांनाच पद सोडावं लागलं आणि डॉ. डिसोझा, म्हणजे डॉ. विली, परत. वर्षाच्या शेवटी पुन्हा राणे. ९८ ला पुन्हा विली, मग लुईझिन फालेरो, मग राष्ट्रपती राजवट, पुन्हा फालेरो, मग फ्रान्सिस सार्दिन, आणि ऑक्टोबर २००० ला पर्रीकर. मी हे कागदावर बाण काढून मांडलं तर कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसायला लागला, आमचा पेज लावणारा पोरगा बघून म्हणाला, "हें कितें रे बाब, फुटबॉलाचो ड्रॉ?"

खरा घोळ त्यानेच काढला. पर्रीकरांपर्यंत माणसं धरली तर दहा, पुढे दिगंबर कामत अकरा, पार्सेकर बारा, म्हणजे आज येईल तो तेरावा. बारा फोटो असते तर सहा-सहाच्या दोन ओळी मस्त बसल्या असत्या, आठ कॉलमात तेरा काही केल्या बसेना. वर सहा खाली सात केले तर खालचे चेहरे पासपोर्ट साइजपेक्षा बारीक. कुणीतरी म्हणालं एक गाळा ना, चर्चिलना गाळा, अठरा दिवस काय मोजायचे. त्यावर आमचा सासष्टी तालुक्यातला सब-एडिटर असा भडकला की विचारू नका. म्हणे अठरा दिवस असोत नाहीतर अठरा तास, राजभवनात शपथ घेतलीय ना? आणि दिवसच मोजायचे तर रवी नाईकांचे ते सहा दिवस कुठल्या हिशोबात धरले? त्याचं बरोबर होतं. शेवटी भाऊसाहेबांचा फोटो दोन घरांएवढा मोठा केला डावीकडे आणि बाकीचे बारा त्याच्या उजवीकडे दोन ओळींत. बसलं.

पण मला ती चौकट खोटी वाटत होती आणि अजून वाटते. सगळ्यांचे चेहरे एकाच मापाचे, राणेंची दहा वर्षं सलग आणि वर नंतरची वेगळी, आणि चर्चिलचे अठरा दिवस, वाचणाऱ्याला कसं कळणार? म्हणून मी हट्टाने प्रत्येकाखाली तारखा घातल्या, अक्षर बारीक झालं तरी. त्या घालताना पर्रीकरांच्या रांगेवर अडलो. चार वेळा शपथ, २०००, २००२, २०१२, २०१७. आणि एकदाही पाच वर्षं पुरी नाहीत! पहिल्यांदा स्वतःच विधानसभा बरखास्त करायला लावली, दुसऱ्यांदा फेब्रुवारी २००५ मध्ये राज्यपाल जमीर यांनी बडतर्फ केलं, तिसऱ्यांदा दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, चौथ्यांदा हे असं. इतका मोठा नेता, एवढे पूल, एवढ्या योजना, आणि तोवर सलग पूर्ण मुदत काढणारा मुख्यमंत्री कोण तर राणेंनंतर दिगंबर कामत, २००७ ते २०१२. हे वाक्य मी चौकटीत टाकलेलं, वृत्तसंपादकांनी काढलं. म्हणाले आज नको. आज नको हे बरोबरच होतं.

आता तेरावा. रात्री अकरा वाजता शपथ असं ठरलेलं. राजभवनावरचा आमचा बातमीदार दर वीस मिनिटांनी फोन करून एकच सांगायचा, अजून कुणी नाही. मगोच्या सुदिन ढवळीकरांचं नाव एकदा वर, एकदा खाली. गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई काय घेणार, सुदिन काय घेणार. सावंतवाडी-कुडाळकडे जाणाऱ्या अंकाची वेळ टळायला लागली तेव्हा तो 'मुख्यमंत्रिपदासाठी प्रमोद सावंतांचं नाव निश्चित' असा सोडला, त्यांच्या तेराव्या फोटोखाली तारखेऐवजी नुसतं टिंब. पणजीचं पान अडवून धरलं. मशीनवरून सारखे फोन, प्लेट कधी देता, वितरणवाले वेगळे ओरडतायत, आमचे साहेब शांतपणे चहा पीत बसलेले, मला त्या माणसाचं कौतुक वाटतं.

पावणेदोन-दोनच्या सुमारास झाली एकदाची शपथ. डॉ. प्रमोद सावंत, साखळीचे आमदार, आयुर्वेदाचे डॉक्टर, आणि सभापती. मी टाइप करता करता थांबलो, म्हणलं अरे हे तर बार्बोझांसारखंच, डॉक्टर आणि सभापतीच्या खुर्चीवरून थेट मुख्यमंत्री. घाईघाईने तेवढी एक ओळ कॅप्शनमध्ये घुसवली, ती मात्र कुणी काढली नाही. सोबत दोन उपमुख्यमंत्री, ढवळीकर आणि सरदेसाई. पान सोडलं आणि लगेच पुढची ऑर्डर, उद्यासाठी उपमुख्यमंत्र्यांची पण एक चौकट होऊन जाऊ दे.

ती मी दुसऱ्या दिवशी निगुतीने केली. बुधवारी २० तारखेला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ ने पास झाला, ४० च्या सभागृहात उरलेलेच ३६, दोघं वारलेले आणि दोघांनी राजीनामे दिलेले. म्हणलं चला, आता थोडे दिवस झोप. आठवडा होतो न होतो तोच २७ ला, पुन्हा मध्यरात्र उलटून गेल्यावर, मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी भाजपमध्ये विलीन होतोय म्हणून पत्र दिलं आणि त्याच दिवशी सुदिनना मंत्रिमंडळातून काढलं. माझ्या चौकटीतला एक उपमुख्यमंत्री आठ दिवसांत माजी झाला. त्या रात्री ड्युटी सासष्टीवाल्याची होती, सकाळी त्याचा मेसेज आला, "ह्यांचे दिवस पण मोजायचे का?"