सहा महिन्यांनी गाठ मोठी दिसली तेव्हा

ताईच्या गामा नाईफला, म्हणजे डोक्यातल्या गाठीवर किरणांचा नेमका मारा करण्याच्या उपचाराला, आता दोन वर्षं झाली. तेव्हा रात्र रात्र नेटवर शोधायचो तर सगळं कानाच्या नसेच्या गाठीबद्दलच सापडायचं आणि तिची गाठ होती पाचव्या नसेवर, ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस. म्हणून लिहून ठेवतोय.

सुरुवात अगदी साधी. चूळ भरताना डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळायचं आणि तिला कळायचंच नाही. आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, मग फिरत फिरत एमआरआय, त्यात २१ मिलिमीटरची गाठ. श्वानोमा. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात, त्यांच्या आवरणातल्या श्वान पेशींची ही गाठ, बहुतेक वेळा आठव्या, म्हणजे कानाच्या नसेवर होते, बाकीच्यांवर क्वचितच. कॅन्सर नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला, पण वाढत गेली तर ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेंदूच्या बुंध्यावर, दाब येणार हेही डॉक्टरांनी सांगितलं. आधीच मोठी होऊन दाबत असती तर ऑपरेशनच करावं लागलं असतं.

नाव नाईफ पण कापाकापी काही नाही. मूळ कल्पना लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जनची, १९५१ सालची. तिच्या मशीनमध्ये कोबाल्टचे १९२ स्रोत होते, एकेक किरण अगदी कमजोर, सगळे जिथे एकत्र येतात तिथेच काय तो जोर. डोक्याला चार पिनांनी फ्रेम बसवतात, त्याआधीची सुन्न करायची इंजेक्शनंच सगळ्यात जास्त दुखली म्हणते ताई, नंतर नुसतं आवळल्यासारखं. गाठीच्या कडेला १२ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस, एकाच दिवसात सगळं उरकलं, कपाळावर दोन छोट्या जखमा तेवढ्या राहिल्या.

आणि मग सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये गाठ २४ मिलिमीटर! माझे हातपायच गळाले, ताई तर दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आम्हाला वाटलं सगळं फुकट गेलं. डॉक्टरांनी दोन्ही एमआरआय शेजारी शेजारी लावले. आधीच्यात गाठ पूर्ण पांढरी चमकत होती, नव्यात कडा पांढरी आणि मधला भाग काळपट पडलेला. म्हणाले, किरणांचा परिणाम झाला की आतल्या पेशी मरतात, रक्तपुरवठा कमी होतो, त्यात गाठ काही महिने सुजते, याला लगेच वाढ समजायचं नाही, थांबायचं. हे आधी नीट सांगितलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते असं मला अजून वाटतं, कारण "गाठ काढली" आणि "गाठीची वाढ थांबवली" यातला फरक आमच्या डोक्यात शिरलाच नव्हता. रेडिओसर्जरीत, म्हणजे अशा किरणांच्या उपचारात, गाठ जात नाही, ती तिथेच राहते, फक्त वाढायची थांबली पाहिजे.

दीड वर्षाला २० आली, परवाच्या एमआरआयला १९. गालाचा बधिरपणा थोडा कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही, आणि बहुतेक जाणारही नाही. पण परवा चूळ भरताना पाणी गळलं तर तिचं तिलाच कळलं, आणि तिने मला हाक मारून सांगितलं.