तुम्ही विचारलंत म्हणून: मस्कतला सुट्टीच्या दिवशी मी करतो काय

सुट्टीला गावी आलो की कोणी ना कोणी विचारतंच, तिकडे वाळवंटात सुट्टीच्या दिवशी करता तरी काय, कंटाळा नाही का येत? मागच्या खेपेला भाच्याने विचारलं तर मी नुसतं "फिरतो" म्हणालो आणि मग रात्री झोपताना वाटलं की पोराला नीट सांगायला हवं होतं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी ओमानमध्ये, मस्कतच्या रुवी भागात राहतो, काम रुसैलच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, मेंटेनन्सला. ११ वर्षं झाली. सुट्टी शुक्रवार-शनिवार. पहिली दोन वर्षं माझंही इतरांसारखंच होतं, उशिरा उठायचं, कपडे धुवायचे, घरी व्हिडिओ कॉल, संध्याकाळी दारसैतच्या कृष्ण मंदिरात नाहीतर मत्राच्या समुद्रावर चक्कर. त्यात वाईट काहीच नाही, अजूनही जातो.

मग एका शुक्रवारी रूममधले सगळे निझवाला बकऱ्यांचा बाजार बघायला निघाले, मीही गाडीत बसलो. मस्कतहून दीडेक तास. सकाळी सकाळी किल्ल्याजवळ गोल मांडव, मधे विकणारे बकरी धरून गोल गोल फिरतात आणि कडेला बसलेले लोक भाव ओरडतात, आपल्या गुरांच्या बाजाराचीच आठवण येते. ते आटोपल्यावर कोणीतरी म्हणालं की चला, फलज दारिस बघू, पोरं तिथे पाण्यात पाय सोडून बसतात.

फलज म्हणजे पाट. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली पाणी शोधतात, तिथून बोगदा खणून नुसत्या उतारावर ते पाणी गावापर्यंत आणतात, कधी कित्येक किलोमीटर. पंप नाही, मोटर नाही. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी असतात, हवा यायला आणि गाळ काढायला. काही फलज असे जमिनीखालून येतात, काही झऱ्याचे असतात, काही वादीच्या म्हणजे नदीच्या पाण्याचे. ओमानमध्ये असे जवळपास ३,००० अजून चालू आहेत आणि त्यातले पाच युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा यादीत घेतले, दारिस त्यातलाच एक.

मी त्या पाटात पाय सोडले, बारीक मासे येऊन पायाला टोचायला लागले, आणि मला एकदम आमचा मळा आठवला. मी साक्री तालुक्यातला, पांझरेच्या काठचा. आमच्याकडे फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि कोणाला कधी पाणी हे ठरवायला गावाने नेमलेला पाटकरी. माझे आजोबा पाटकरी होते, त्यांना वर्षाचं धान्य मिळायचं. लहानपणी मी त्यांच्यामागे कंदील घेऊन पाटाच्या कडेने चालायचो. आणि इथे परक्या देशात तोच पाट, तोच वळणावर होणारा पाण्याचा आवाज! मी तिथून लवकर उठलोच नाही, बाकीचे गाडीत हॉर्न वाजवत बसले होते.

तेव्हापासून हाच माझा छंद आहे. ऑक्टोबर ते मार्च, ऊन सोसवतं तेव्हा, महिन्यातून दोनदा तरी एखाद्या गावात जायचं आणि फलजच्या कडेने चालायचं. बिरकत अल मौझ, म्हणजे केळ्यांचं तळं, तिथला फलज अल खतमीन. मिसफत अल अब्रियीनला तर डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे आणि पाट घरांच्या मधून जातो. उन्हाळ्यात जायचं नाही, पारा ४५ च्या पुढे जातो.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते पाण्याचं वाटप. फलज या शब्दाच्या मुळातच वाटे करणं हा अर्थ आहे. पाणी उघड्यावर येतं तिथली पहिली जागा पिण्याच्या पाण्याची, तिच्यावरच्या अंगाला कोणी हातपाय धुवायचे नाहीत. मग मशीद, मग आंघोळीच्या जागा, मग खजूर, आणि उरलं तर बाकीची पिकं. दुष्काळ पडला तर बाकीची पिकं सोडतात, खजूर नाही. आमच्याकडे पण पाणी कमी असलं की यंदा किती फड भिजवायचे ते आधीच ठरायचं, कोणा एकट्याचं शेत कोरडं नाही राहायचं.

शेतकऱ्याचा हिस्सा वेळेत मोजतात. त्या मापाला म्हणतात अथर, साधारण अर्धा तास. दिवसा उभ्या काठीची सावली बघून आणि रात्री तारे बघून पाळी बदलायची, आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आहे. फलजच्या मालकीचे काही हिस्से लिलावात जातात आणि त्या पैशातून दुरुस्ती होते. आणि हे सगळं बघणाऱ्याला म्हणतात वकील! आपल्याकडे हाच शब्द कोर्टात गेला, तिकडे तो पाण्याची काळजी घेतो.

अशाच एका गावात एक म्हातारेबाबा भेटले, पूर्वी फलजचं काम बघायचे. हिंदी चांगलं बोलतात, तरुणपणी मुंबईला येऊन गेलेले. मला म्हणाले, "पहले हमारा भी रुपया था." खरंच आहे, १९७० पर्यंत इथे रुपयाच चालायचा, आणि आजही रियालचे सुटे पैसे म्हणजे बैसा. त्यांनी चटई टाकली, खजूर आणि वेलचीचा काहवा दिला. कप पुढे केला की ते भरतच राहतात, बास म्हणायचं असेल तर रिकामा कप हलवायचा हे मला त्यांनीच शिकवलं. पाळी संपल्यावर त्यांनी दगडाला गुंडाळलेली ओली चिंधी पाटाच्या तोंडात दाबली, पायाने दोनदा ठोकली, आणि पाणी दुसऱ्या पाटात वळलं. आजोबा हेच चिखल आणि गवताने करायचे, शेवटी टाच मारायची पद्धतही तीच.

ही गोष्ट सांगताना जीव तुटतो, पण काही गावांत फलज कोरडे पण बघितलेत. आसपास बोअर झाले, पाण्याची पातळी खाली गेली, मग पाटात पालापाचोळा आणि प्लॅस्टिक. आमच्याकडे फड मोडले त्यालाही विहिरी, बोअर आणि वरची धरणं हीच कारणं. त्यामुळे जिथे पाणी वाहतंय तिथे मी जास्त वेळ बसतो, आणि वर्षातून एकदा गाळ काढायला माणसं जमतात तेव्हा ते म्हातारेबाबा मला फोन करतात आणि मी घमेलं उचलायला जातो.

एकदा तिथूनच आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पाट बघितला आणि पहिला प्रश्न, "रातले पानी कोन धरस?" मी बाबांना हिंदीत विचारलं. ते म्हणाले, मीच धरायचो, सुरैया वर आली की उठायचो. सुरैया म्हणजे आपल्या कृत्तिका. आप्पा म्हणाले, आम्ही तिकांडं बघायचो, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे. मग दोघं म्हातारे अर्धा तास बोलत बसले, मी मधे दुभाषा, काहवा गार झाला.

आप्पांचा पासपोर्ट झालाय. जानेवारीत येतायत. मॉल, बुर्ज काही नको म्हणाले, एकच विचारलं, तिथे पाण्यात उतरू देतात का. मी सांगितलं, देतात, फक्त पिण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला.