फक्त शब्द उरला

जुन्या फिल्मचा डबा उघडल्याबरोबर मळक्या मोज्यांसारखा वास आला. मी आधी खिडक्या उघडायला लावल्या. झाकणावर पेन्सिलीने 'जाहिरात, किरकोळ' लिहिलेलं. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरं दिसली, 'नायट्रेट'. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहणारी फिल्म आणि तिला किरकोळ म्हणे! डबे न बघता लेबलं लावणाऱ्यांनी आमच्या, जुन्या फिल्म जपण्याच्या क्षेत्राचं फार नुकसान केलंय.

सुरुवात गळून गेलेली. काचेखालच्या उजेडात फिल्म सरकवत गेले. युद्धकाळातल्या ब्लॅकआउटचा सराव, खिडकीला काळा कागद चिकटवणारी मुलं, मग धान्याच्या दुकानापुढची रांग. मुंबईत रेशनिंग मे १९४३मध्ये आलं. 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही माहितीपट काढणारी सरकारी संस्थाही त्याच वर्षीची. असे माहितीपट दाखवणं तेव्हा थिएटरांना सक्तीचं होतं. आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. या रांगेत मात्र कुणी कुणाला ढकलत नाही, पोती भरलेली आहेत.

रांगेत एक नऊवारीतली बाई आहे, कडेवर पोर. ती कॅमेऱ्याकडे मान वळवते आणि तिथूनच फिल्मचे वेढे मधासारखे चिकटलेले. प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून पाहिली, तर चित्राचा थरच पट्टीला लागून आला.

"ताई, कापा. बाकीचं रीळ तरी वाचेल," वरिष्ठ म्हणाले. चूक नव्हतं. कुजणाऱ्या भागाचा वायू चांगल्या भागालाही खातो. पण स्कॅनिंगची पाळी दुसऱ्याच दिवशी होती, आणि आमचं काम महिन्याला किती फूट झालं यावर मोजतात. हे माप मला कधीच पटलेलं नाही. आठवडाभर थंडीत ठेवून एकेक वेढा सोडवून बघता आला असता. मी ४० फूट कापले. पडद्यावर जेमतेम २७ सेकंद.

स्कॅन झाल्यावर पहिल्यांदा आवाज ऐकला. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली असतो, म्हणून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम आधी छापतात. त्यामुळे कापलेल्या चित्राचा सेकंदभराहून कमी आवाज माझ्या शाबूत तुकड्यावर राहिला होता. बाई मान वळवते, निवेदक हिंदुस्तानीत म्हणतो, "पडोसन को", आणि कापून जोडलेली जागा येते.

शेजारणीला काय? मूठभर तांदूळ द्या, की ऐकलेली अफवा सांगू नका? दोन्ही त्या काळात शोभलं असतं.

कापलेला गठ्ठा नष्ट करायचा फॉर्म टेबलावर आहे. अजून सही केलेली नाही.