तुम्ही विचारलंत म्हणून: ‘घरच्या माणसाला घालाल का?’

लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना, कुठंही मी काय काम करते ते कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे पेशंटवर प्रयोग? तुमच्या घरच्या माणसाला घालाल का त्यात?’ कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात लिव्हर आणि पोटाच्या आजारांवरच्या औषधचाचण्यांचं काम मी नऊ वर्षं बघते. संमतीचे कागद, तपासण्यांच्या तारखा, गोळ्यांचा हिशेब, सगळं माझ्याकडे.

‘प्रयोग’ हा शब्द मला टोचतो. न तपासता दिलेलं औषध हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. पोटात रक्तस्राव झाला की ट्रानेक्झामिक ॲसिड द्यायचं, असं कितीतरी डॉक्टर करत होते. रक्त थांबवणारं इंजेक्शन, मग बिघडतंय काय? शेवटी 15 देशांतल्या 12,009 पेशंटवर ते तपासलं, काहींना औषध आणि काहींना नुसतं सलाइन देऊन. 2020 साली निकाल आला. मृत्यू कमी झाले नव्हते, उलट शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढला होता. तपासलंच नसतं तर?

हे मी तावातावानं सांगते आणि ते खरंच आहे. पण आजऱ्याकडच्या त्या आजोबांपाशी आले की माझा आवाज खाली येतो.

त्यांना सिरॉसिस होता, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन घट्ट होत जाण्याचा आजार. अभ्यासातल्या निम्म्या पेशंटना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि नेहमीचे उपचार दोघांनाही. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला, डॉक्टरांना, मलाही कळत नाही. मी कागद वाचून दाखवला. आजोबा म्हणाले, “तुमी म्हंतासा तर करूया की सही, ताई.” मी पेन पुढे केलं.

पाचव्या महिन्यात रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती. मी पोचले तेव्हा पुतण्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत माखलेली होती. आत दुर्बिणीतून बँड घालणं चाललेलं. बाहेर तो एकच विचारत होता, “गोळी खरी हुती का खोटी?”

“मला माहीत नाही.”

“तुमास्नीच ठावं न्हाई, मग कुणाला ठावं?”

उपचार बदलणार असेल तर पेशंटला कुठली गोळी मिळतेय ते तातडीनं उघडून बघता येतं. इथं गोळी कुठलीही असती तरी उपचार तेच होते, म्हणून डॉक्टरांनी उघडलं नाही. निर्णय बरोबर होता. पण पुतण्याला तो समजावताना मला स्वतःचाच राग येत होता. त्याचा हट्ट, रक्ताची अजून एक बाटली लावा. बार्सिलोनातल्या 2013 सालच्या अभ्यासात, रक्तस्रावाच्या पेशंटना हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं तेव्हा, 9 च्या खाली जाताच देण्यापेक्षा जास्त लोक वाचले होते. मला पाठ होतं ते. त्या बाकावर बसून कुणाला सांगणार?

आजोबा त्या खेपेला वाचले.

नंतर मी त्यांच्या संमतीचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. बत्तीस मिनिटं मी बोलतेय. आजोबा पंख्याकडे बघतायत, मधूनच मान हलवतायत, एकही प्रश्न विचारत नाहीत. ‘कधीही बाहेर पडू शकता, उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य मी भराभर म्हटलंय. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, सही, साक्षीदार, तारीख. पण ‘तुमी म्हंतासा तर’ ही काय संमती झाली? तेव्हाची मी म्हणेन, माणसं डॉक्टरवर विश्वास ठेवतात, त्यात गैर काय? तिला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे आजही नाही. विश्वासाशिवाय इथं कुणी गोळीला हात लावणार नाही, आणि त्याच विश्वासापायी माणूस प्रश्न विचारायचं सोडतो.

आता मी पेशंटलाच सांगायला लावते, तुमच्या शब्दांत सांगा काय कळलं ते. वेळ जातो. काहीजण सांगता सांगताच नको म्हणतात. वरिष्ठांना ते परवडत नाही, आणि पुरेसे पेशंट मिळाले नाहीत तर अभ्यासच फुकट जातो हेही खोटं नाही.

आणि घरच्या माणसाचं. आईला फॅटी लिव्हर आहे, शुगरही. दुसऱ्या एका केंद्रावर तिला चालेल असा अभ्यास सुरू आहे. माहितीपत्रक मी घरी आणलं, तीनदा वाचलं. तिला विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, “तू म्हणशील तसं.” म्हणून ते अजून कपाटातच आहे.