आंबा घाटातून टाइल्सची पिकअप: 'दोन टन आरामात'वर जाऊ नका

गावच्या घराच्या टाइल्स कोल्हापुरातून साखरप्याकडे न्यायच्या होत्या. गाडीमालक फोनवर म्हणाला, "दोन टन आरामात ओढते, टाइल्सनं हौदा अर्धाही भरायचा नाही." हौदा खरंच अर्धा रिकामा राहिला, पण वजन केव्हाच हद्दीबाहेर गेलं होतं.

आंबा गावापर्यंत रस्ता चांगला होता. पुढचा उतार मात्र वाईट. बॉक्स मागच्या फाळक्याला टेकवून रचलेले, त्यामुळे पुढची चाकं हलकी झाली, वळणावर स्टेअरिंग नीट लागेना. निम्म्या घाटात ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला, ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, चालतंय की!" गाडी कडेला घ्यायला लावली, चाकांना दगड लावले आणि चाकांमधले ब्रेकचे ड्रम गार होईपर्यंत थांबलो. ड्रमवर पाणी ओतू देऊ नका, तापलेला ड्रम तडकू शकतो.

खाली उतरून काटा केला: ३,६४० किलो. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) रिकामी गाडी १,७३५, भरलेली जास्तीत जास्त ३,०३५. म्हणजे गाडीत चढवता येतं फक्त १,३०० किलो. पण कायद्यानं रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरत नाहीत, त्यामुळे आम्हा तिघांचे २१० त्यातूनच गेले. हौद्यावर मागाहून बसवलेल्या लोखंडी जाळीचे ३५ वेगळे. मालाला उरले १,०५५. भरला होता १,६६०: टाइल्सचे ४५ बॉक्स प्रत्येकी २८ किलो, शिवाय टाइल्स चिकटवायच्या अ‍ॅडहेसिव्हच्या २० किलोच्या २० पिशव्या.

एवढं करून मालकानं 'घाटाचे जादा' म्हणून वर पैसे मागितले. दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्चही गाडीच्याच माथी.

भाडं ठरवण्याआधी आरसीचा फोटो मागवा. देत नसेल तर दुसरी गाडी बघा. बॉक्सवरचं वजन वाचून बेरीज करा, हौद्याच्या रिकाम्या जागेवर जाऊ नका. जड माल केबिनच्या बाजूला, खालच्या थरात रचा. घाट चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरात उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. आणि एवढ्या टाइल्स असतील तर सरळ दोन फेऱ्या करा.