दादाच्या होडीची मोटर: मिनेसोटातून भिलवडीला

भिलवडीच्या माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, होडीला इलेक्ट्रिक मोटर लावायची आहे. होडी फायबरची, चौदा फुटी. कृष्णेत पहाटे जाळं टाकायचं, ऊन चढायच्या आत घरी यायचं. आजवर वल्ह्यावर चाललं, आता खांदे दुखतात. डिझेलचं इंजिन नको, कारण आवाज, धूर आणि रोजचा खर्च. व्हिडिओ कॉलवर माझ्या बोटीची मोटर बघितल्यापासून त्याचा एकच प्रश्न आहे: "किती एचपीची घेऊ?" सांगलीकडच्या आणखी दोघातिघांनीही हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटात राहतो, तिथे दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. घराघरांत ट्रेलरवर बोट असते आणि मे महिन्यात वॉलाय माशाचा हंगाम उघडला की ऑफिसं ओस पडतात. ही मोटरही याच भागातली. शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो गावी १९३४ साली ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मोटारीच्या स्टार्टरला दांडा आणि पंखा जोडून ती बनवली, आणि त्यातूनच अशा मोटरी बनवणारी मिन कोटा ही कंपनी उभी राहिली.

पण इथले लोक ही मोटर ज्या कामाला वापरतात ते काम दादाचं नाही. इथे बोटीला मागे मोठं पेट्रोल इंजिन असतं, ते तुम्हाला चार-पाच मैल आत नेऊन सोडतं. तिथे पोचल्यावर इंजिन बंद करायचं, इलेक्ट्रिक मोटर पाण्यात उतरवायची आणि मासे बिथरणार नाहीत अशा बेताने बोट सरकवत राहायची. बॅटरी संपली तरी घरी आणायला पेट्रोल आहेच. दादाकडे दुसरं इंजिन नाही. जायचं, थांबायचं आणि यायचं, तिन्ही त्याच एका बॅटरीवर. म्हणून इथले तक्ते जसेच्या तसे उचलू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की मोटर शेवटी निवडा, हिशेब बॅटरीपासून सुरू करा.

तरी मोटरचं आधी उरकून टाकतो. ही एचपीत नाही, पौंडांत मोजतात. पाणी किती जोराने मागे ढकलते त्याचा तो आकडा, त्याला थ्रस्ट म्हणतात. ठोकताळा असा की भरलेल्या होडीच्या दर १०० पौंड वजनाला किमान २ पौंड थ्रस्ट हवा. दादाची होडी १५० किलो, दोन माणसं १४०, जाळी, बर्फाचा डबा आणि मासे मिळून ६०, मोटर-बॅटरीचे ५० धरा. झाले ४०० किलो, म्हणजे साधारण ८८० पौंड. नियमाने १८ पौंड पुरतात. पण हा नियम संथ तळ्याचा आहे. नदीला धार आहे, समोरून वारा येतो, म्हणून मी दुपटीच्या वर जायला सांगतो: ४५ किंवा ५५ पौंड. १२ व्होल्टवर ५५ च्या आसपास मजल संपते. त्यापुढे २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या. दादाला त्याची गरज नाही.

मोटर मागच्या फळीला पकडीने आवळायची, हाताने वळवायची, तीच घ्यावी. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली साधारण फूटभर राहील एवढा लांब दांडा हवा, नाहीतर हवा ओढून पंखा नुसता फडफडतो. माझ्या बोटीला पुढे बसणारी जीपीएसची मोटर आहे. बटण दाबलं की नांगर न टाकता बोट वाऱ्यातही त्याच जागी धरून ठेवते. इथलं मिल लॅक्स तळं ५०० चौरस किलोमीटरहून मोठं, पण उथळ, त्यामुळे वारा सुटला की लाटा लगेच उठतात. तिथे ही सोय मला फार मोलाची वाटते. कृष्णेत मात्र नांगराला दगड पुरतो. ते पैसे बॅटरीत घाला.

आता बॅटरी. ट्रॅक्टरची बॅटरी होडीत टाकू नका, घरात फुकट पडलेली असली तरी. स्टार्टर फिरवायला दोन-चार सेकंद प्रचंड करंट द्यावा म्हणून तिच्यात पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात. तिला तासन् तास पिळून रिकामी केली तर थोड्याच दिवसांत बसते. आपल्याला हवी ती हळूहळू रिकामी होऊन पुन्हा भरणारी, डीप सायकल. अशी बॅटरी सांगलीत घरोघरी आहे, इन्व्हर्टरखाली. ती उंच ट्युब्युलर बॅटरी या कामाला मुळात उत्तम, पण होडीत नको. १५० अ‍ॅम्पिअर-अवरची (हे साठवलेल्या विजेचं माप) म्हटली तर पन्नास-साठ किलो भरते, उंच असते, होडी कलली की डोलते, आणि आत पातळ अ‍ॅसिड हिंदकळतं. उरतात दोन पर्याय: सोलरसाठी मिळणारी सीलबंद जेल किंवा एजीएम बॅटरी, म्हणजे लेडचीच (शिशाची) पण आतलं अ‍ॅसिड न हिंदकळणारी, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेट.

हिशेब करून बघू. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात ५० अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढते. लेडच्या बॅटरीवर १०० अ‍ॅम्पिअर-अवर लिहिलेलं असतं, ते बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे ५ अ‍ॅम्पिअरने, रिकामी केल्यावरचं. ५० ने ओढलं की त्यातला बराच भाग हाती लागतच नाही. शिवाय तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्म्याखाली उतरवायची नाही. म्हणजे पूर्ण वेगात अर्धा-पाऊण तास. तेवढ्याच आकड्याची लिथियम बॅटरी ८० टक्के बिनधास्त वापरता येते, जोराने ओढलं तरी फारशी आटत नाही, दीड तासाच्या वर चालते. वजन जेमतेम ११ ते १३ किलो, तर लेडची तीसच्या घरात. रोज पहाटे घरापासून घाटापर्यंत बॅटरी उचलून न्यायची आहे. नुसत्या या एका गोष्टीसाठीही मी दादाला लिथियमच सांगेन.

वेगाचंही तसंच. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. म्हणून अर्ध्या वेगात मोटर निम्मी नाही, त्याहून कितीतरी कमी वीज खाते. त्यातही जुन्या पद्धतीच्या पाच गिअरच्या मोटरी कमी वेगात वीज गरम होऊन वाया घालवतात. वेग अखंड कमी-जास्त करता येणारी, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची मोटर थोडी महाग पडते, पण तीच घ्या. जाताना धारेबरोबर जाऊन येताना धारेविरुद्ध यायचं असेल तर बॅटरी अर्धी व्हायच्या कितीतरी आधी होडी वळवायची. त्याहून चांगलं, आधी धारेविरुद्ध वर जायचं आणि येताना नदीवर सोपवायचं.

दादाने तीही मोटर मी येताना बॅगेतून आणावी असं सुचवलंय. मोटर आणता येईल. बॅटरी नाही. विमानात लिथियमची वरची मर्यादा १६० वॅट-अवर, आणि १२.८ व्होल्टची १०० अ‍ॅम्पिअर-अवर बॅटरी होते १,२८० ची. चार्जरही आणणार नाही. इथली वीज १२० व्होल्ट, तिथली २३०. लेबलवर १०० ते २४० लिहिलेलं नसेल तर इथला चार्जर तिथल्या प्लगमध्ये घातल्याक्षणी जळेल. दोन्ही सांगलीतच घ्यावीत, बिघडलं तर दुकान तरी जवळ.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी विचारायच्या. सोलर पथदिव्यांसाठी १२.८ व्होल्टचे लिथियम पॅक मिळतात, स्वस्तही असतात. पण त्यांच्या आतलं संरक्षण सर्किट दिव्यापुरताच करंट सोडतं. मोटर चालू केली की ते पुरवठा तोडतं आणि होडी मधोमध थांबते. सलग किमान ६० अ‍ॅम्पिअर देणारी बॅटरी हवी, तो आकडा लेबलवर किंवा कागदावर लिहिलेला हवा. ई-रिक्षाची बॅटरी एकूण ४८ व्होल्टची किंवा त्याहून जास्त असते, १२ व्होल्टच्या मोटरला ती चालणार नाही.

चार्जर बॅटरीच्या जातीचा हवा. लिथियमला १४.२ ते १४.६ व्होल्टला भरून थांबणारा. गॅरेजमधला जुना जड चार्जर थांबत नाही, तो लेडची बॅटरीही उकळवतो. १० अ‍ॅम्पिअरचा घेतला तर १०० ची लिथियम बॅटरी दहा-अकरा तासांत भरते. रात्री लावली की पहाटे तयार. रात्रभर वीज राहण्याचा भरवसा नसेल तर २० चा घ्या. आमच्याकडे हिवाळ्यात तळी गोठतात, आणि शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते म्हणून बॅटरी घरात घ्यावी लागते. सांगलीत उलट, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. उष्णतेने लेड आणि लिथियम दोन्ही लवकर म्हातारी होतात.

बॅटरीच्या अगदी जवळ ६० अ‍ॅम्पिअरचा डीसी सर्किट ब्रेकर बसवा आणि जाड तांब्याची केबल वापरा. घरातल्या वायरिंगची तार गरम होईल, वाटेत व्होल्टेज पडेल, आणि फायबरला आग लागायला तेवढं पुरे असतं. पंख्यामागे तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळला की आतला सील कापतो आणि मोटरमध्ये पाणी शिरतं. रोज परतल्यावर बघायचं. जलपर्णीतून जायचंच नाही. पंख्याची पिन एक जादा जवळ ठेवा.

आणि पावसाळ्याबद्दल. या मोटरींचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढे जात नाही, थ्रस्ट कितीही वाढवला तरी. कोयनेतून विसर्ग सुरू झाला की धारच त्याहून जोरात धावते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ते गाव दादाच्या घरापासून लांब नाही. पुराच्या पाण्यात ही मोटर नाव वाचवू शकत नाही, म्हणून पाणी गढूळ होऊन चढायला लागलं की मोटर काढून घरात ठेवायची. इथे मिनेसोटात बोटीतल्या प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी ते घालूनच बसावं लागतं. दादाच्या होडीत कधीकधी पुतण्याही असतो. बॅटरीच्या खर्चात दोन मोठी आणि एक छोटं जॅकेट धरलंय, ते त्याने वगळू नये.

दादा, दुकानदाराने दाखवलेल्या बॅटरीच्या लेबलचा फोटो पाठव. सलग करंटचा आकडा त्यावर दिसला नाही, तर मला विचारायच्या आधी पैसे देऊ नकोस.